चुलीखालचं पाणी

गावभर ती वहिनीच. सख्ख्या दिराची वहिनी तर ती होतीच, पण दिरानं लहानपणी साऱ्या आळीत 'वहिनी, वहिनी' असा इतका ओरडा केला होता की पुढे दुकानदार, मास्तर, बसचा कंडक्टर असे सगळेच तिला वहिनी म्हणायला लागले. तिच्याहून वयानं मोठ्या बायकासुद्धा. तिनं कधी हरकत घेतली नाही. हरकत घेणं हा तिचा स्वभावच नव्हता, आणि पुढचं सगळं रामायण घडलं ते त्यामुळेच, असं म्हणायलाही हरकत नाही.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा दीर इतका लहान होता की चपला उलट्या पायांत घालायचा. सासू आधीच गेलेली, सासरे त्या दुःखातून कधी वर आले नाहीत, आणि नवरा सुतार. तो लाकडाशी जेवढं बोलायचा तेवढंही माणसांशी बोलत नसे. मग पोर आपसूक हिच्या पदराला लटकलं. हिनं त्याला न्हाऊमाखू घातलं, तापात मांडीवर घेऊन बसली, शाळेत त्यानं कोणाचं डोकं फोडलं तर मास्तरांपुढे जाऊन खाली मान घालून उभी राहिली. पुढे तिला स्वतःची लेक झाली, लेकीचं लग्न होऊन ती दूर गेलीही, पण आपलं पहिलं पोर म्हणजे दीर, हे तिच्या मनात पक्कं होतं.

पाण्याला झऱ्यावर जावं लागे. घागर डोक्यावर घेऊन ती पुढे आणि पत्र्याचा डबा घेऊन तो मागे, अशी वरात निघायची. घरी पोचेपर्यंत डब्यातलं निम्मं पाणी त्याच्या चड्डीवर सांडलेलं असे. शेवटी तिनं डबाच काढून घेतला. "तू पुस्तक धर. पाणी मी धरते," ती म्हणाली. त्यानं पुस्तक धरलं, हे मात्र खोटं नाही. शिकला, शहरात गेला, मोठ्या हॉटेलात कामाला लागला, आणि एक दिवस बॅग घेऊन परत आला तो डोक्यात एक कल्पना घेऊनच.

कल्पना साधी होती. गाव डोंगराच्या उतारावर. पुढची आळी जुन्या लाकडी घरांची, दगडी पायवाटेची, वरच्या टोकाला झरा. शहरातली माणसं हे बघायला येतील, राहतील, गावात चार पैसे येतील, पोरांना गाव सोडावं लागणार नाही. शाळेच्या पटांगणात त्यानं हे सगळ्यांना समजावून सांगितलं. "आपल्या गावात बघण्यासारखं आहे तरी काय?" असं कोणीतरी विचारलं. "तुम्ही आहात की," तो म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले. तो हसला नव्हता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

पाहुणे आले. आधी चुकतमाकत, मग गाड्या भरभरून. गावाची पर्यटन समिती झाली, दीर तिचा मॅनेजर झाला, आणि गावात त्याचं नावच मॅनेजर पडलं. पाहुण्यांनी बघायचं पुढच्या आळीत आणि झोपायचं मागच्या आळीत, अशी त्यानं व्यवस्था लावली. मागची आळी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, पायवाटेवरून दिसत नाही अशी. तिथे त्यानं खोल्या बांधल्या. बाहेरून माती लिंपलेल्या, आतून गुळगुळीत टाइल्सच्या. आणि रस्त्याच्या फाट्यावर एक मोठा फलक लागला. फलकावर वहिनी, डोक्यावर घागर, मान ताठ, नजर समोर. खाली लिहिलं होतं, 'इथे काळ थांबला आहे.' काळ थांबला होता की नाही ते तिला ठाऊक नव्हतं. ती स्वतः मात्र दिवसभरात एकदाही थांबत नव्हती.

फलक बघून तिला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. पोरानं आपल्याला गावाच्या तोंडावर नेऊन बसवलं, असं तिला वाटलं. झऱ्यावर उभं राहून पाहुणे तिचे फोटो काढत, मग त्यांच्यातलीच एखादी हौशी बाई चुंबळ डोक्यावर ठेवून घागर घेऊन चार पावलं चालून बघे. बाकीचे टाळ्या वाजवत. त्या टाळ्यांचं वहिनीला मोठं नवल वाटायचं. चार पावलांना एवढ्या टाळ्या, तर आपल्या आयुष्याचा हिशेब कोणी करायचा, असं ती शेजारणीला म्हणायची आणि दोघी हसायच्या.

मग मान दुखायला लागली. आधी मान, मग खांदा, मग उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या. ती बोलली नाही, पण एकदा तिच्या हातून ताटली पडली ती दिरानं पाहिली. त्यानंच तिला मोटरसायकलवर बसवून तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो दिव्यापुढे धरून दाखवला, मानेचे मणके झिजलेत म्हणाला, आणि स्पष्ट सांगितलं, "डोक्यावर ओझं बंद. नाहीतर हात जाईल." परतीच्या वाटेवर दिरानं मध्येच गाडी थांबवली. झाडाखाली तिला बसवलं, तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि स्वतः उकिडवा समोर बसला.

"वहिनी, पाण्याची योजना मंजूर होतेय. झऱ्यावर टाकी, टाकीतून पाइप. पहिला नळ तुझ्या घरात. माझा शब्द."

"आधी तुझ्या खोल्यांना लागेल ना पाणी?"

"खोल्या गेल्या खड्ड्यात. आधी तू."

ती घरी आली ती हातातल्या मुंग्या विसरून. रात्री स्वयंपाक करताना नवऱ्याला दोनदा सांगितलं. नवरा म्हणाला, "बघू." पण नवरा सूर्य उगवण्याबद्दलही 'बघू'च म्हणायचा, त्यामुळे तिनं ते मनावर घेतलं नाही.

योजना खरोखर आली. शहरातून एक आर्किटेक्ट बाई आल्या, आळीतून हिंडल्या, वहिनीच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायल्या आणि गेल्या. वहिनीचं घर आळीत सगळ्यात वरचं, दोन्ही बाजूंना काळा खडक. पाइप खाली न्यायचा तर तिच्या स्वयंपाकघराखालून. दिरानं विचारलं, "वहिनी, चुलीखालून नेला तर चालेल ना?" नवऱ्याला न विचारता ती हो म्हणाली. चुलीखालून पाइप जायचा म्हणजे चुलीशी नळ यायचाच. "चार दिवस लेकीकडे जाऊन ये," दीर म्हणाला, "इथे नुसती धूळ आणि ठोकाठोक. तुला त्रास नको." केवढी काळजी पोराला, म्हणून ती लेकीलाही तेच कौतुक सांगून आली.

परत येऊन पाहते तो जमिनीत चर खणून बुजवलेला, वर माती टाकलेली. नळ कुठेच नाही. संध्याकाळी दीर आला आणि उंबऱ्यातच बसला.

"वरून अट आली, वहिनी. पुढची आळी जशी आहे तशी ठेवायची. नळ नाही, सिमेंट नाही, पत्रा नाही. अट मोडली तर सगळी योजना रद्द. मी भांडलो. खूप भांडलो." त्याचा आवाज भरून आला. "मला माफ कर."

उलट तिनंच त्याची समजूत घातली. वरच्यांपुढे कोणाचं चालतं? असू दे, बाळा, तू तरी काय करशील. दुसऱ्या दिवशी तिनं चरावर लिंपण घातलं. माती चाळून, भुसा मळून, हातानं घोटून घोटून असं गुळगुळीत केलं की कुठे खणलं होतं ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. तळहातावर जोर आला की बोटांत मुंग्या यायच्या, तेव्हा ती डाव्या हातानं घोटायची.

तेव्हापासून तिच्या चुलीखालून पाणी जाऊ लागलं. सकाळी पाहुणे अंघोळीला लागले की जमिनीतून खळखळ ऐकू यायची, आणि त्याच वेळी ती चुंबळ उचलून झऱ्याकडे निघायची. झराही आता पूर्वीचा राहिला नव्हता. टाकीनं वरचं वरच ओढून घेतलं होतं, खाली करंगळीएवढी धार. घागर भरेपर्यंत बायकांचं सगळ्या गावाचं बोलून व्हायचं. शेजारीण तिखट जिभेची. "आमचं ठीक आहे बाई," ती म्हणायची, "पण तुझं म्हणजे धरण उशाला आणि कोरड घशाला." सगळ्या हसायच्या, वहिनीही हसायची. आणि हसून झालं की म्हणायची, "अट आहे ग वरून. नाहीतर माझ्या पोरानं दिला असता." इतकी वर्षं ती हे म्हणत राहिली, आणि एकदाही तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली नाही. प्रेमाला डोळे नसतात म्हणतात, हिच्या प्रेमाला तर कानही नव्हते.

डॉक्टरची गोष्ट दोघांनीही पुन्हा काढली नाही. ती घागर थोडी कमी भरू लागली, इतकंच. गर्दीच्या दिवसांत दीर मात्र सकाळी यायचा आणि लाडानं म्हणायचा, "वहिनी, आज मोठा ग्रुप आहे, जरा एक खेप जास्त कर ना." ती करायची.

मागच्या आळीत समितीच्या ऑफिसात काचेच्या कपाटात एक चकचकीत ढाल होती. पर्यावरण सांभाळून केलेल्या पर्यटनाबद्दल मिळालेली. खोल्यांच्या न्हाणीघरांत पाटी होती, 'पाणी जपून वापरा. गावातल्या भगिनी ते डोक्यावरून वाहून आणतात.' वहिनीला वाचता येत होतं. एकदा चादरी द्यायला गेली असताना तिनं ती वाचली, आणि शॉवरखाली सोडून दिलेलं पाणी बघून तिला एवढंच वाटलं, की पाटी कोणी वाचत नसावं.

मग एके सकाळी चुलीजवळची जमीन ओली दिसली. आधी वाटलं काही सांडलं असेल. पुसलं, तर दुपारी पुन्हा ओली. दुसऱ्या दिवशी लिंपण फुगून आलं, बोट लावलं तर आत गेलं. आपल्या चुलीखाली पाइप फुटला, तर पोराच्या खोल्यांचं पाणी बंद पडेल, हा तिचा पहिला विचार. दीर त्या दिवशी तालुक्याला गेला होता. तिनं शेजारच्या गावच्या प्लंबरला निरोप धाडला. योजनेचं काम त्यानंच केलं होतं.

प्लंबर बोलका माणूस. आला तो लिंपणाचं कौतुक करतच. "काय हात आहे वहिनी तुमचा. हे फोडायला जीव होत नाही." मग फोडलं. चिखल उपसला, हात कोपरापर्यंत आत घातला, चाचपलं आणि हसला.

"पाइप धडधाकट आहे. टीचं बूच ढिलं झालंय फक्त."

"टी म्हणजे?"

"हे बघा ना." त्यानं चिखल पुसून दाखवलं. आडव्या पाइपातून एक आखूड तोंड वर आलं होतं, आणि त्याच्यावर बूच. "इथून फाटा निघतो. तुमच्या नळासाठी ठेवलेला."

"माझ्या नळासाठी?"

"मग काय चुलीला पाणी पाजायला?" तो हसला, आणि तिचा चेहरा बघून थांबला. "तुम्हाला ठाऊक नाही? अहो, नकाशात पुढच्या आळीतल्या घराघरात टी होती. सुरुवात तुमच्यापासून. मी ही बसवली, तोटी हातात घेतली, तेवढ्यात मॅनेजर आले. म्हणाले, बूच लाव आणि माती ओढ. पुढच्या घरांत टाकूच नको, सरळ खोल्यांना ने."

"वरून अट आली होती," वहिनी म्हणाली. सांगायची इतकी सवय झाली होती की वाक्य आपलं आपणच बाहेर आलं.

"कसली अट? त्या आर्किटेक्ट बाई तर हट्ट धरून बसल्या होत्या, आधी आळीत पाणी, मग खोल्यांना. मॅनेजर म्हणाले, आळीतल्या बायकांनाच नळ नको आहेत, त्यांना झरा आवडतो. बाईंनी मान डोलावली आणि शहरात परत गेल्या बिचाऱ्या." तो बूच आवळायला पान्हा शोधू लागला. "मला वाटलं, तुम्हीच नको म्हणालात."

वहिनी चिखलात बसली होती तशीच बसून राहिली. कोणी परक्यानं गळा कापला तर माणूस ओरडतो तरी. केसानं कापला की कळतच नाही, नुसती मान गार पडते. तिला लेकीकडचे ते चार दिवस आठवले. तुला त्रास नको म्हणाला होता. उंबऱ्यातला भरून आलेला आवाज आठवला. आणि ते लिंपण. आपलाच नळ आपण आपल्या हातानं गाडला, वरून घोटून घोटून गुळगुळीत केला, मुंग्या येणाऱ्या हातानं. तिला स्वतःचा इतका राग आला की दिराचा राग यायला थोडा वेळ लागला. पण आला.

"बूच राहू दे," ती प्लंबरला म्हणाली. "खड्डाही तसाच राहू दे. मी येते."

मागच्या आळीत दीर नुकताच परतला होता. खोल्यांपुढच्या गच्चीवर माळ्याला रोपं कुठे लावायची ते दाखवत होता. तिच्या पायांना चिखल पाहून धावत आला.

"काय झालं, वहिनी? पडलीस का कुठे?"

"अट कोणी घातली होती?" ती म्हणाली.

माळ्याला त्यानं हातानंच जायला सांगितलं. खोटं बोलणार होता, ते तिला त्याच्या ओठांवर दिसलं. लहानपणी साखर खाऊन नाही म्हणायचा तेव्हा असेच ओठ व्हायचे. मग बहुधा चिखल बघून त्यानं विचार बदलला.

"बस आधी."

"उभी आहे मी."

"वहिनी, नीट समजून घे. पुढच्या आळीत नळ आले की झऱ्यावर कोण जाणार? झऱ्यावर कोणी गेलं नाही तर पाहुणे बघायला काय येणार? रिकामा झरा? गावातली निम्मी घरं यावर चालतात. मी एकट्यासाठी नाही केलं."

"सगळ्या गावासाठी केलंस, तर सगळ्या गावाला सांगून का नाही केलंस?"

तो बोलत राहिला. थोडीच वर्षं कळ काढायची होती, मग दुसरं काहीतरी उभं करणार होतो, संग्रहालय, हस्तकलेचं दुकान. ती ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं तेवढंच विचारलं, ज्यासाठी ती डोंगराला वळसा घालून आली होती.

"डॉक्टरनं सांगितलं तेव्हा तू तिथे होतास ना रे?"

"होतो."

"मग दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर घागर द्यायचीस. मला सोडवायचंस. एवढ्या जणी आहेत आळीत."

तो जरा हसला. खरंच हसला, मायेनं. "तुझ्यासारखं चालता येत नाही ग कोणाला. बघितलंय मी सगळ्यांना उभं करून. फोटोत तूच शोभतेस. आणि तू कधी नाही म्हणाली नाहीस."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो तिची स्तुती करत होता आणि त्याला खरोखर वाटत होतं की ही स्तुती आहे. तो पैशाला भुलला असता, कोणाच्या नादी लागला असता, तर तिनं त्याला आठवडाभरात माफ केलं असतं, हे तिला स्वतःबद्दल ठाऊक होतं. पण त्यानं तिला तोलूनमापून पाहिलं होतं. हात जाईल हे ऐकल्यावरही.

"बरं," ती म्हणाली आणि परत फिरली. त्याला वाटलं, समजूत पटली. तिच्या 'बरं'चा त्याला आजवर हाच अनुभव होता.

घरी नवरा खड्ड्याच्या काठावर बसला होता. प्लंबरनं त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं. "काय करणार," तो म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ."

"ओठ नेहमी माझेच का?" ती म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं त्याला दिलेलं हे पहिलं उलट उत्तर. तो उठला आणि पलीकडच्या खोलीतून लाकडाची एक जाड फळी घेऊन आला. तोटी भिंतीला धरायची तर मागे आधार लागेल, म्हणाला.

प्लंबर कुरकुरला. मॅनेजर उद्या माझं काम बंद करतील. "तू तोटी बसव," ती म्हणाली. "घर माझं, चूल माझी. बोलणी मी खाईन." संध्याकाळपर्यंत नळ बसला. साधा पितळी नळ, गुडघाभर उंचीवर. तिनं तो उघडला, ओंजळ धरली, एक घोट प्यायली आणि बंद केला. पाणी झऱ्याचंच होतं, चवीत काही फरक नव्हता. तरी तिला ते गिळताना जड गेलं.

दुसऱ्या दिवशी मोठा ग्रुप होता. सकाळी खळखळ सुरू व्हायच्या आधीच तिनं शेजारणीला हाक मारली, शेजारणीनं पुढचीला, आणि बघता बघता सारी पुढची आळी घागरी, कळशा, बादल्या घेऊन वहिनीच्या स्वयंपाकघरात. दाटीवाटीनं उभ्या राहून बायका नळाकडे बघत होत्या. कोणी म्हणालं, सापडला कुठे? "चुलीखाली," वहिनी म्हणाली आणि नळ पूर्ण सोडला. तिचं घर पाइपावर पहिलं. तिनं नळ पूर्ण सोडला की पुढे खोल्यांपर्यंत काय पोचणार, हे प्लंबरनं तिला सांगून ठेवलं होतं.

दीर पळतच आला. दारात बायकांची गर्दी पाहून त्याला आधी काही उमगेना. वाट काढत आत आला आणि नळ पाहून उभाच राहिला.

"वहिनी, खोल्यांत पाणी नाही. माणसं अंगाला साबण लावून उभी आहेत."

"असतील."

"थोडा वेळ बंद कर. मी हात जोडतो. मग आपण बसून बोलू."

"भांडी भरायची आहेत अजून आळीची. आणि घरोघर नळ बसेपर्यंत सकाळी हा असाच चालू राहणार." तिनं कोपऱ्यातली आपली घागर उचलली, तिच्यात चुंबळ टाकली आणि त्याच्या हातात दिली. "झऱ्यावर आहे की पाणी. जरा करंगळीएवढी धार आहे, पण भरते."

शेजारीण पदरात तोंड लपवून हसली. बाकी कोणी हसलं नाही. तो क्षणभर बघत राहिला, हिला अजून 'बरं' म्हणायचं असेल अशा आशेनं, आणि मग खरोखर घागर घेऊन वर गेला. दुसरा इलाजच नव्हता, खाली साबणातली माणसं हाका मारत होती.

तो दिसेनासा झाला तेव्हा वहिनीचा जीव राहिना. या गोष्टीची तिला स्वतःलाच चीड आली, पण पाय निघालेच. झऱ्यावर ग्रुपमधली लवकर आवरलेली काही मंडळी कॅमेरे घेऊन थांबली होती. घागर भरली होती. दीर तिच्याशी झोंबत होता. गुडघ्यापर्यंत उचलायचा, कमरेपर्यंत आणायचा, पाणी हिंदकळून शर्टावर यायचं आणि घागर पुन्हा खाली. एकट्यानं भरली घागर डोक्यावर चढत नाही, तिला दुसरा हात लागतो, हे त्या वाटेवरच्या प्रत्येक बाईला ठाऊक. त्याला कुठून असणार? तिनं कधी उचलूच दिली नव्हती. आणि हात द्यायला त्या दिवशी झऱ्यावर आळीतली बाई नव्हती एकही.

तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. ओला शर्ट, कपाळावर केस. क्षणभर तो पत्र्याचा डबा घेतलेला पोरगाच दिसला.

"वहिनी, जरा हात लाव ना," तो म्हणाला.

झऱ्यावर कोणी हात लाव म्हटलं तर नाही म्हणायचं नसतं. वैर असलं तरी. ती पुढे झाली. चुंबळ त्याच्या डोक्यावर नीट बसवली, एक हात घागरीच्या बुडाला, एक गळ्याला, आणि घागर वर दिली. तिच्या बोटांत कळ गेली ती तिनं तोंडावर दिसू दिली नाही.

"मान सरळ ठेवा, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्हाला सवय नाही. सावकाश जा."

तो जागच्या जागी थांबला. जगातल्या सगळ्या वहिन्या दिराला भाऊजीच म्हणतात. हिनं मात्र त्याला बाळ म्हटलं होतं, गाढव म्हटलं होतं, मॅनेजर झाल्यावरही चारचौघांत अरेतुरे केलं होतं. त्यानं मान वळवून तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला. पण डोक्यावर भरली घागर असली की मान वळवता येत नाही, हेही त्याला त्या दिवशीच कळलं.

तो निघाला. चार पावलं गेला असेल नसेल, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनी मागे राहिली. त्या वाटेनं रिकाम्या डोक्यानं खाली यायची तिची पहिलीच वेळ. घरी नळ वाहत होता, बायकांचा गलका इथपर्यंत ऐकू येत होता, मान मोकळी होती. हवं होतं ते पाणी तिला मिळालं होतं. वळणावर कोणी नाही असं बघून ती दगडावर बसली आणि पोर गेल्यासारखी रडली.